डाव्या हाताचा पीळ

अठ्ठ्याण्णव साली इद्रीस नाखव्यानं गोपीनाथकडचे गरगूर घेणं बंद केलं, आणि त्या दिवसापासून गोपीनाथच्या घरातलं हसणंबोलणंही बंद झालं. गरगूर म्हणजे मासे धरायचा तारेचा सापळा. वरून घुमट, बाजूला नरसाळ्यासारखं तोंड आणि खाली गोल, सपाट बूड. आमिष घालून तो समुद्राच्या तळाशी सोडायचा आणि चार दिवसांनी दोरीनं ओढून वर घ्यायचा. उम्म अल कुवैनच्या खाडीवर गोपीनाथ एकोणीस वर्षं हेच विणत होता. देवगडहून आला तेव्हा त्याला तार धरता येत नव्हती. एका बलुची म्हाताऱ्याच्या हाताखाली बोटं सोलून घेतली, आणि पुढं घराच्या मागं स्वतःची पत्र्याची शेड टाकली. शेडच्या पाटीवर नाव एका स्थानिक माणसाचं, राबणं गोपीनाथचं आणि त्याची बायको सुलक्षणा हिचं. अर्ध्याहून जास्त बुडं तिच्या हातची असत, पण धक्क्यावर सगळे म्हणायचे ‘गोपीचा गरगूर’. तिनंही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

इद्रीस हे त्यांचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. तीन होड्यांचा मालक, बोलायला तुटक, वागायला सरळ. नाखवा हा शब्द दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच चालतो, त्यामुळे गोपीनाथला तो पहिल्यापासून आपल्यातला वाटायचा. ऑगस्टच्या शेवटी, होड्या पुन्हा बाहेर काढायच्या वेळेला, तो शेडमध्ये आला, उभ्याउभ्या बिनदुधाचा चहा प्यायला आणि म्हणाला, “गोपी, इस बार गरगूर अजमान से आया. मशीन वाला जाली. हल्का है.”

“माफी मुश्किल, नाखवा,” गोपीनाथ हसून म्हणाला. काही अडचण नाही. नाखव्याची गाडी वळेपर्यंत तो हसत राहिला. मग त्यानं चहाचा कप वाळूत भिरकावला, आणि तो उचलायला सुलक्षणाला जावं लागलं.

अजमानचे ते चाळीस गरगूर धक्क्याजवळच्या वाळूवर एकात एक घालून रचून ठेवले होते. दुकानाला जा, मशिदीच्या बाजूनं जा, कुठूनही जा, ते दिसल्याशिवाय राहत नसत. जेवताना गोपीनाथ मध्येच म्हणायचा, “त्या जाळीला हात लावून बघ एकदा. जीवच नाही तारेत.” सुलक्षणा म्हणायची, “बघितलं,” आणि भाकरी वाढायची. तिनं बघितलं नव्हतं. बघायची तिला भीती वाटत होती, कारण त्या जाळीत जीव असला तर आपल्या घरानं खायचं काय.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी पोलीस ठाण्यातून फोन आला.

ठाण्यात लाकडी बाकावर त्यांची शर्वाणी बसली होती. चौदा वर्षांची, नववीतली, अंगात शाळेचा गणवेश आणि मांडीवर दप्तर. समोरच्या टेबलावर घरातली लहान पक्कड आणि तारेचे चार तुकडे ठेवले होते. शेजारी धक्क्यावरचा राखणदार, हमदुल्ला पठाण, आणि त्याच्या पलीकडं इद्रीस नाखवा. नाखव्यानं गोपीनाथला सलाम केला नाही.

हमदुल्लानं सांगितलं ते असं. नाखव्याच्या नव्या गरगुरांची बुडं कुणीतरी कापली होती. सरळ फाडली नव्हती. कड्याला लागून दर तिसरी तार, अशी की वरून बघणाऱ्याला कळू नये आणि पाण्यातून ओढताना माशांच्या वजनानं बूड गळून पडावं. आज दुपारी असरच्या नमाजाआधी ही मुलगी गरगुरांत वाकलेली दिसली. हातात पक्कड होती.

“तुमने काटा?” अधिकाऱ्यानं शर्वाणीला विचारलं. आवाज चढवला नाही त्यानं. त्यालाही मुली असाव्यात.

शर्वाणीनं मान वळवून बापाकडं पाहिलं. गोपीनाथ भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. दुबईतल्या कुठल्याशा टायरवाल्याचं कॅलेंडर, त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“हाँ,” शर्वाणी म्हणाली.

सुलक्षणानं बाकाची कड धरली. 

“उम्र?”

“चौदह.”

“छोटी है,” अधिकारी म्हणाला. “बड़ा आदमी करता तो सीधा अंदर, बाद में बिलाद, अपने मुल्क वापस. ये छोटी है. इसका बाप सही करेगा.” त्यानं अरबीत छापलेला एक कागद पुढं सरकवला. तअह्हुद म्हणाला तो त्याला, म्हणजे हमीपत्र. मुलीनं केलं ते बापानं भरून द्यायचं, मुलीवर नजर ठेवायची आणि पुन्हा असं झालं तर जाब बापाला विचारला जाईल.

गोपीनाथ तरी हललाच नाही. तो कागदाकडंही बघत नाही हे सुलक्षणाला दिसलं, आणि तिला वाटलं, लाजेनं. ती पुढं झाली. “मैं करती हूँ. मैं माँ हूँ.”

“नहीं, मामा,” अधिकारी तिला म्हणाला. तिकडं बायकांना असंच म्हणतात. “वली चाहिए. वली मतलब बाप.”

बापानं सही केली. नाखव्याला पैसे नको होते. “चालीस गरगूर. जैसा था वैसा,” एवढंच तो म्हणाला. “दस दिन.”

घरी आल्यावर सुलक्षणानं दार लावलं आणि शर्वाणीच्या थोबाडीत मारली. आजवर कधी मारलं नव्हतं. मारून झाल्यावर तिचाच हात झिणझिणत राहिला.

“का केलंस?”

“नथिंग.”

“नथिंग काय? कुणी सांगितलं तुला? वर्गातल्या कुणी? कुणाच्या नादाला लागलीयस?”

“नोबडी, आई. आय सेड आय डिड इट. व्हॉट एल्स डू यू वाँट?”

गोपीनाथ आतल्या खोलीत एसीकडं तोंड करून बसला होता.  नंतर आतूनच म्हणाला, “हिला देवगडला पाठवतो दादाकडं. इथं राहून बिघडली.” विलास भोगले नावाचा त्यांच्याच गावचा माणूस पुढच्या शुक्रवारी सुट्टीवर निघाला होता. त्याच्या सोबतीनं मुलीला पाठवायचं ठरलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिकीटही आलं. सहाशे दिरहम, म्हणजे जवळजवळ सात हजार रुपये, असं गोपीनाथनं मोठ्यानं सांगितलं. अर्ध्या वर्षात शाळा सोडून, परक्या शाळेत, चुलत्याच्या दारात. काकू धड बोलत नसे, आणि पोरीला मराठी वाचताना घाम फुटायचा. सुलक्षणाला हे सगळं दिसत होतं. पण पोरीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं, मग आईनं भांडायचं कशाच्या जोरावर.

त्या दिवसापासून ती मुलीवर पाळत ठेवायला लागली. दुसरा शब्द नाही त्याला. शर्वाणी न्हाणीघरात गेली की दप्तर उपसायचं. वहीचं शेवटचं पान बघायचं. फोनची रिंग वाजून बंद झाली की कुणाचा होता म्हणून विचारायचं. कंपासपेटीत तिला तारेचे तुकडे सापडले, वीतभर लांबीचे, सरळ केलेले, एकसारखे. ते मुठीत घेऊन ती स्वयंपाकघरात कितीतरी वेळ उभी होती. म्हणजे हे रागाच्या भरात झालेलं नाही, पोरीनं ठरवून केलंय, असं तिच्या मनानं घेतलं. शर्वाणीच्या अंगठ्याला पट्टी होती, तीही तिनं आता वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. पोटच्या पोरीची इतकी शंका यावी याचं तिला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटूनही ती दप्तर उपसायचीच.

कापलेले गरगूर नाखव्याच्या पिकअपमधून पाच-पाच, सात-सात असे येऊ लागले. पहाटे फजरच्या बांगेला दोघं नवराबायको शेडमध्ये उतरत. दहा वाजता पत्रा तापायचा. दमट हवेत अंगावरचा घाम वाळत नसे, तो कोपरावरून तारेवर टपकायचा आणि तार हातातून निसटायची. नवऱ्यानं कापलेली तार उपटायची, बायकोनं नवी घालायची, पक्कडीनं पीळ द्यायचा, टोक आत वळवायचं. एका बुडाला नव्वद पीळ. संध्याकाळपर्यंत मनगट सुजून यायचं, आणि पीठ मळताना सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी यायचं. शाळेच्या व्हॅनमधल्या बायका खिडकीतून बघत आणि हॉर्न वाजला की एकदम दुसरीकडं बघत. किराणावाला मलबारी आधी “चेची”, म्हणजे ताई, म्हणून हाक मारायचा, आता नुसतंच “क्या चाहिए” म्हणायचा. मशीनच्या ज्या जाळीला गोपीनाथनं जन्मात हात लावला नसता, तिचीच डागडुजी करायची पाळी त्याच्यावर आली होती. कधी कधी तो बुडावर बोट फिरवायचा आणि पुटपुटायचा, “तार मऊ आहे. लगेच कापली जाते.” सुलक्षणाला वाटायचं, कारागीर आहे, सवयीनं बोलतो.

शर्वाणी शाळेतून आली की न सांगता शेडमध्ये येऊन बसायची आणि तुकडे सरळ करून द्यायची. बाप तिच्याकडं पाठ करायचा. जेवतानाही तो पाट फिरवून बसायला लागला. आपली मुलगी त्याला डोळ्यांसमोर नको झालीय, याचं सुलक्षणाला आश्चर्य वाटलं. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन धक्क्यावर मासे दाखवणारा हाच माणूस. राग येतो माणसाला, पण राग असला की माणूस ओरडतो, एखादी वस्तू आपटतो. हा तर तिच्या पावलांची चाहूल लागली की उठून बाहेर जायचा.

पाचव्या दिवशी एका बुडातून काढलेला तुकडा तिच्या बोटाला टोचला. रक्त पुसताना तिनं तारेचं टोक पाहिलं. कापलेल्या जागी एक बारीक दात उभा राहिला होता, तांदळाच्या कणीएवढा. तिनं दुसरा तुकडा उचलला. तिथंही दात होता. तिसऱ्यालाही.

तो दात तिच्या ओळखीचा होता. गोपीनाथचं तार तोडायचं मोठं कटर एकदा जाड सळईवर चालवलं होतं, तेव्हापासून त्याच्या पात्याला खाच पडली होती आणि कापलेल्या प्रत्येक तारेवर तो एवढासा दात राहायचा. नवं कटर आणा म्हणून ती चार वर्षं सांगत होती. बलुची उस्तादाच्या हातचं म्हणून तो टाकत नव्हता. दिवसभर ते त्याच्या कमरेच्या पट्ट्यात, झोपताना खिळ्यावर. कटरला कुणी हात लावलेला त्याला चालत नसे.

पोरीनं दुपारी बाप झोपल्यावर खिळ्यावरून काढलं असणार, असं तिनं लगेच स्वतःला सांगितलं. लगेच सांगितलं, यावरूनच तिला कळायला हवं होतं. तिनं ते तुकडे फेकले नाहीत. पदराच्या टोकाला बांधून ठेवले.

रात्रभर तिला एकच गोष्ट आठवत राहिली. पोलिसांच्या टेबलावर लहान पक्कड होती. कटर नव्हतं.

आठव्या दिवशी शेवटचे सात गरगूर आले. गोपीनाथ तार आणायला अजमानला गेला होता. सुलक्षणानं पहिला गरगूर उपडा केला आणि नेहमीसारखा कड्यावरून अंगठा फिरवला. कापलेली जागा लागलीच नाही. बूड घट्ट होतं. तिनं उजेडाकडं धरून पाहिलं. कापलेल्या तारांच्या जागी वीतभर लांबीचे जोड दिले होते, टोकं नीट आत वळवलेली. जोडाची तार अजमानच्या जाळीपेक्षा जाड होती. ती तार त्यांच्या शेडमधली होती. आणि पीळ उलटा होता.

शर्वाणी डावखुरी. आठ वर्षांची असताना तिला पहिल्यांदा पक्कड हातात दिली, तेव्हा सुलक्षणानं किती वेळा तिच्या हातावर चापटी मारली असेल, उलटं काय पिळतेस म्हणून. शेवटी नाद सोडला होता. त्या घरात उलटा पीळ देणारा एकच हात होता.

सातही गरगूर तिनं तपासले. सातही जोडलेले. सातव्याचं काम अर्ध्यावर सुटलं होतं, शेवटच्या दोन तारा तशाच लोंबत होत्या.

सुलक्षणा वाळूत खाली बसली. कंपासपेटीतले तुकडे कापण्यासाठी नव्हते. ते जोडण्यासाठी होते. जी पोरगी कापते ती उन्हात वाकून जोडत बसत नाही. कुणीतरी कापलं ते हिला दिसलं, आणि कुणाला कळायच्या आत हिनं ते मिटवायला घेतलं. अंगठा त्यातच कापला. आणि आपण तिच्याच थोबाडीत मारलं. तिला रडू आलं ते एकदम, मोठ्यानं, आणि पदर तोंडात कोंबून तिनं ते आवरलं.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. ठाण्यातून फोन आला त्याच्या आधीच्या आठवड्यात गोपीनाथ दुपारी जेवून बाहेर पडायचा, तार बघायला म्हणून. दोन ते चार धक्क्यावर चिटपाखरू नसतं, हमदुल्लाही घोरत असतो. तो परत यायचा तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला आणि गुडघ्यांना वाळू. शाळेची व्हॅन अडीचला धक्क्यावरून जाते, आणि शर्वाणी नेहमी खिडकीशी बसते.

गोपीनाथ परत आला तेव्हा ती शेडमध्येच होती. तिनं पदराची गाठ सोडली आणि दात आलेले तुकडे त्याच्यासमोर ठेवले. शेजारी जोडलेला गरगूर उपडा ठेवला.

 तो तारेचं वेटोळं खांद्यावरून उतरवून त्यावरच बसला.

“एकोणीस वर्षं,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षं त्याला गरगूर दिले. एक बूड गळालं नाही. आणि मला म्हणतो, हल्का है.”

“मग नाखव्याशी भांडायचं होतं.”

“मला वाटलं दोन-चार गळाले की परत येईल. एवढंच.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “मी तिला अडकवली नाही गं. मला काय माहीत ती तिथं जात होती ते. ठाण्यात गेलो तेव्हा ती आधीच बसलेली.”

“तिनं तुमच्याकडं बघितलं.”

“बघितलं.”

“आणि तुम्ही टायरवाल्याचं कॅलेंडर बघत बसलात.”

“मी बोललो असतो तर काय झालं असतं? मी आत. नंतर तिघंही गावी. शेड गेली, तिची शाळा गेली, सगळं गेलं. तिच्यावर काय आलं? एक कागद. तिच्या वयाला कुणी काही करत नाही. बापानं सही केली, खलास.” बोलता बोलता त्याचा आवाज सावरला. हे त्यानं स्वतःशी पुष्कळदा बोलून ठेवलं असावं.

सुलक्षणानं ऐकून घेतलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. तो आत गेला असता आणि घर बसलं असतं. एवढ्यावर ती कदाचित गप्प बसलीही असती. पण एक गोष्ट तिला पटत नव्हती.

“मग तिला पाठवताय कशाला?”

गोपीनाथ वेटोळ्याचं टोक वळवत बसला.

“एका कागदावर मिटलं ना? मग देवगडला कशाला? कुणाला दाखवायला?”

“ती माझ्याकडं बघते,” तो म्हणाला. “काही बोलत नाही. नुसती तुकडे सरळ करते आणि बघते. मला सहन होत नाही, सुलक्षणा.”

तिनं गरगूर उचलला आणि इतरांवर ठेवला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण हात शांत होते. “तिकीट रद्द करा,” ती म्हणाली. “आणि नाखव्याला जाऊन सांगा.”

“वेडी आहेस का? वर्षभरानं बोलावू तिला परत.”

तो उठून आत गेला. तिला कळलं, हा माणूस जाणार नाही. हमीपत्रावर सही करून त्यानं स्वतःला असं काही पटवलंय की कसूर पोरीची आणि दिलदारी आपली.

गुरुवारी दुपारी तीनला इद्रीस नाखवा पिकअप घेऊन आला. चाळीस गरगूर शेडबाहेर रचून ठेवले होते. रचले सुलक्षणानं. तेहतीस खाली, आणि उलट्या पिळाचे सात सर्वांत वर, बुडं आभाळाकडं करून. त्यांना तिनं बोट लावलं नव्हतं. सातव्याच्या दोन तारा तशाच लोंबत होत्या. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. कदाचित आजच घर उठेल, हेही ठाऊक होतं. सकाळपासून तिनं एक घास खाल्ला नव्हता.

नाखवा मोजत नाही. तो हात फिरवतो. त्यानं वरच्या गरगुरावर अंगठा फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. लोंबत्या तारा पाहिल्या. गोपीनाथकडं वळून म्हणाला, “ये किसने बाँधा?”

“मैंने,” गोपीनाथ म्हणाला. एवढ्यात त्याची नजर सुलक्षणाकडं गेली आणि त्याचा चेहरा उतरला.

नाखव्यानं लोंबती तार त्याच्यापुढं धरली. “बाँधो.”

गोपीनाथनं पक्कड घेतली आणि पीळ दिला. एकोणीस वर्षांची सवय, पीळ घट्ट आणि सुंदर बसला. उजवीकडं बसला. नाखव्यानं शेजारचा जोड पाहिला, तो डावीकडं होता. मग त्यानं दारात उभ्या असलेल्या शर्वाणीला हाक मारली. “बिंत. तआली.”

शर्वाणी आली. बापाच्या हातातली पक्कड तिनं डाव्या हातात घेतली आणि दुसरी तार बांधली. कुणाकडं बघितलं नाही. नाखव्यानं तिच्या अंगठ्यावरचा वण पाहिला. मग गोपीनाथच्या कमरेकडं हात पुढं केला. गोपीनाथनं कटर काढून दिलं. ते द्यायला त्याला फार वेळ लागला. नाखव्यानं जमिनीवरची एक तार उचलून तोडली, टोक नखावर घासून बघितलं, खिशातून कापलेला एक तुकडा काढला आणि दोन्ही टोकं शेजारी धरली. म्हणजे इतके दिवस तोही एक तुकडा खिशात घेऊन फिरत होता. त्यालाही शंका होती, फक्त माणूस सापडत नव्हता.

सुलक्षणाला वाटलं, आता हा ओरडेल, फोन काढेल. नाखवा ओरडला नाही. त्यानं कटर स्वतःच्या खिशात टाकलं.

“बच्चे का कागज बाप सही करता,” तो म्हणाला. “बाप का कौन करेगा?”

 नाखव्याच्या होडीवरच्या पोरांनी गरगूर पिकअपमध्ये चढवले. गाडीत बसल्यावर नाखव्यानं काच खाली केली. “मगरिब तक मैं धक्के पे है,” एवढं सांगून तो गेला. सूर्य बुडेपर्यंत. त्यानंतर तो कुठं जाईल, ठाण्यात की घरी, हे त्यानं सांगितलं नाही.

गोपीनाथ तारेच्या वेटोळ्यावर बसून राहिला. असरची बांग झाली. सावल्या शेडमधून बाहेर सरकल्या. “तू घात केलास माझा,” तो एकदा म्हणाला. सुलक्षणा म्हणाली, “केला.” पाच वाजले, साडेपाच वाजले. त्याचा हात सारखा कमरेशी जाई आणि रिकामा परत येई. नाखवा वाट बघतोय की सापळा लावून बसलाय, हे तिलाही कळत नव्हतं. तरी ती आत गेली, डब्यातून तिकीट काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

“हे विलासभावोजींना परत देऊन या. माझी पोरगी कुठंही जाणार नाही. गेलो तर तिघं जाऊ.”

मग ती शर्वाणीकडं वळली. कितीतरी बोलायचं होतं. त्यातलं तिला एकच बोलता आलं. “त्या दिवशी मारलं मी तुला. चुकले.”

“इट्स ओके, आई.” शर्वाणीनं दाराशी बसून सँडलचे पट्टे लावले. मग उभी राहिली. “चला, बाबा.”

“कुठं?”

“धक्क्यावर. ही सेड टिल मगरिब.”

“मी जाईन.” त्याचा आवाज चिरकला. “एकटा जाईन. तू नको.”

“एकट्यानं नाही चालत,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, शाळेतला नियम सांगावा तसं ती सांगत होती. “सोबत कुणीतरी लागतं. पुढं काही झालं तर मी बघेन, असं म्हणणारं.”

ठाण्यातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा गोपीनाथनं मुलीच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिकीट शर्टच्या खिशात ठेवून तो उठला. सुलक्षणाही चप्पल घालायला लागली, पण शर्वाणीनं मान हलवली. “यू स्टे, आई.”

ती शेडच्या खांबाला धरून उभी राहिली. दोघं वाळूतून चालले होते, मुलगी पुढं, बाप दोन पावलं मागं. वळणावर, जिथून धक्का आणि नाखव्याची पांढरी पिकअप दिसते, तिथं गोपीनाथ थांबला. शर्वाणीही थांबली. तिनं हात पुढं केला नाही. नुसती उभी राहिली, आणि तो चालू लागल्यावरच पुढं निघाली.